दहावी ओवी वाचायला लावलीत म्हणून

आदरणीय सर,
जय ख्रिस्त.

हे पत्र टपालानं पाठवलं असतं, तर तुम्ही वाचून, घडी घालून बायबलात ठेवलं असतं आणि पुन्हा त्याचं नाव काढू दिलं नसतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. बीड जिल्ह्यातल्या एका शिंपीकाम करणाऱ्या पाळकाला तुम्ही तीन पावसाळे शिकवलंत, हे चार लोकांना कळलं पाहिजे.

मी दहावी शिकलेला. दिवसा मशीनवर बसतो, संध्याकाळी घरगुती सभा, रविवारी उपासना. आमच्या भागात असे पाळक बरेच आहेत. कुणाचं पंक्चरचं दुकान, कुणी गवंड्याच्या हाताखाली. प्रभूनं बोलावलं, घरात प्रार्थना सुरू झाली, माणसं जमली, मंडळी झाली आणि आम्ही उपदेशाला उभे राहिलो. शिकायचं तेवढं राहून गेलं. एकदा मी लांबच्या एका शहरात राहून शिकायला गेलोही होतो. सगळं इंग्रजीतून. दुसऱ्या महिन्यात घरून फोन आला: मशीन बंद, मुलीची फी थकलेली, मंडळीतली तीन घरं यायची थांबलेली. पेटी उचलली आणि परत आलो. त्यानंतर कितीतरी वर्षं मी धरून चाललो होतो की ईश्वरविज्ञान आपल्यासारख्याच्या वाट्याचं नाही.

मग तुम्ही आलात. एसटीनं. खांद्याला पिशवी, पिशवीत मराठीतल्या अभ्यासपुस्तिका. वर्गाला जागा मिळाली ती बाजारतळाजवळची पत्र्याची खोली. वार सोमवार, कारण रविवारी आम्हाला सवड नसते आणि बाजाराच्या दिवशी माझ्याकडं गिऱ्हाईक असतं, हे तुम्ही आधीच विचारून घेतलं होतं. वर्ग जूनमध्ये सुरू करायचा आणि दसऱ्याच्या आत आटपायचा, कारण त्यानंतर आमची निम्मी मंडळी कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडं निघते. शिकवणाऱ्या माणसानं आमचा हंगाम विचारून स्वतःचं वेळापत्रक केलं, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

रोज घरी एक धडा वाचायचा, रिकाम्या जागा भरायच्या. सोमवारी त्यावर बोलायचं. शिकलेलं त्याच आठवड्यात मंडळीत करून बघायचं, आणि पुढच्या सोमवारी तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय केलंत?" तुम्ही सांगितलं होतं की ही रीत १९६३ साली ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीनं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेनं, सुरू केली. तिथंही मंडळ्या सांभाळणारी माणसं शेतीत, संसारात अडकलेली. घर सोडून त्यांना येता येईना, म्हणून सेमिनरीच त्यांच्या गावाकडं गेली. आपल्या देशात १९७१ साली बेंगळुरूला टाफ्टी ही संस्था याच कामासाठी उभी राहिली. सर, तुम्ही हे पाच मिनिटांत सांगून धड्याकडं वळलात. मी मात्र तिथंच अडकलो होतो. पेटी उचलून परत येण्याची जी लाज मी इतकी वर्षं बाळगली, ती माझ्या एकट्याची नव्हती.

बायकोबद्दलही लिहायलाच पाहिजे. मी पुस्तिका पेन्सिलीनं भरायचो, म्हणजे नंतर खोडून तिला वापरता येईल. तिनं रात्री भांडी आवरल्यावर वाचावी, असा माझा विचार. एका सोमवारी ती डबा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. तुम्ही तेव्हा पंडिता रमाबाईंचं सांगत होता, केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत कसं आणलं ते. बोलता बोलता तुम्ही थांबलात आणि तिला आत बसायला सांगितलंत. पुढच्या सोमवारी पिशवीतून एक कोरी पुस्तिका काढून तिच्यापुढं ठेवलीत. आज बायकांची सभा तीच घेते, आणि माझ्या संदेशात संदर्भ चुकला तर घरी आल्यावर सांगते.

पण मुख्य गोष्ट बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाची.

दर वर्षी टोळ्या निघायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रार्थना घ्यायचो. गाड्यांमध्ये संसार भरलेला, मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्चून गेलेली. मी यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय काढायचो आणि अकरावी ओवी वाचायचो. देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत. या हंगामात उचल फिटणार, देवानं वचन दिलंय! लोक आमेन म्हणायचे. वर्गात मी तोच संदेश करून दाखवला. तुम्ही मध्ये बोलला नाहीत. संपल्यावर एवढंच म्हणालात, "आता दहावी ओवी मोठ्यानं वाचा."

वाचली. सत्तर वर्षं. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र, आणि परत यायला सत्तर वर्षं. "हे पत्र ऐकणाऱ्यांत जे म्हातारे होते, त्यांनी काय समजायचं?" तुम्ही विचारलंत. कुणाला बोलता येईना. तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला, शेजारच्याचा आवाज ऐकू येईना. तुम्ही खडू घेऊन फळ्यावर लिहिलंत: पाचवीपासून वाचा. त्या पावसात आम्ही नऊ जण आपापल्या बायबलात मान घालून वाचत बसलो. घरं बांधा. मळे लावा. ज्या नगरात नेलंय त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मला एकच घर आठवत होतं. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या मंडळीतल्या एका जोडप्याचं तान्हं बाळ फडावर तापानं गेलं. हंगाम संपून गावी आल्यावर त्या आईनं मला विचारलं होतं, "पास्टर, ते वचन आमच्यासाठी नव्हतं का?" आणि मी म्हणालो होतो, "विश्वास कमी पडला असेल." त्यानंतर ती उपासनेला आली नाही.

पाऊस थांबल्यावर मी हे वर्गात सांगितलं. तुम्ही मला रागावला नाहीत, समजूतही काढली नाहीत. दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या पुस्तकातला दुसरा अध्याय काढायला लावलात. मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. "इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं," तुम्ही म्हणालात. मग योहानाचा नववा अध्याय. जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभू म्हणतो, दोघांचंही नाही.

त्याच आठवड्यात त्या घरी गेलो. ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी खाली बसलो आणि म्हणालो, ताई, मी तुला जे बोललो ते शास्त्रात नाही, ते माझं अज्ञान होतं, मला माफ कर. ती काही बोलली नाही. हातातली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली. दुसरी थापायला घेतली. मीही गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं एक ताट माझ्यापुढं सरकवलं, भाकरी आणि ठेचा. रविवारी ती आली. दाराजवळ बसली.

मी इतर कितीही शिकलो असलो, सर, तरी त्या ताटासाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे.

आता टोळ्या निघताना आम्ही तो अध्याय पाचव्या ओवीपासून वाचतो. गेल्या हिवाळ्यात पंक्चरवाला भाऊ आणि मी कारखान्याच्या भागात जाऊन आलो. रात्री कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, मोबाईलच्या उजेडात सहा जण पुस्तिका घेऊन बसले होते. हात उसाच्या पाचटानं कापलेले, पेन्सिल धरवत नव्हती, तरी एकेक रिकामी जागा भरत होते. पुढचा धडा कधी, हे त्यांनीच विचारलं.

जूनमध्ये याल तेव्हा आठ पुस्तिका जास्तीच्या आणा. पैसे त्यांनी स्वतः जमवून माझ्याकडं दिलेत. आणि गुडघ्यांचं दुखणं वाढलंय असं ऐकलं, तर या वेळी स्टँडवर उतरून चालत येऊ नका. मी मोटारसायकल घेऊन उभा असेन.

तुमचा विद्यार्थी,
शिंपी पाळक