चट्ट्याची जनुकीय तपासणी करण्याआधी

प्रिय अविनाश,

तुझं पत्र आणि सोबतचा बायोप्सीचा रिपोर्ट वाचला. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य डिसप्लेशिया (पेशींची घडण बिघडलेली, पण कॅन्सर नाही), आणि आता जनुकीय तपासणी करावी का हा प्रश्न. आधी वहिनींची काळजी दूर कर. ही घराण्यात काही आहे का हे शोधणारी तपासणी नव्हे. चट्ट्यातल्या पेशींत नंतर झालेले बदल ती पाहते. ते मुलांकडे जात नाहीत.

कॅन्सर आहे की नाही, हे आजही सूक्ष्मदर्शकच ठरवतो. अडचण त्यापुढे सुरू होते. सौम्य आणि मध्यम यांतली रेघ पुसट असते, एकच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळी वाचतात, आणि सौम्य म्हटलेल्यांतलेही थोडे चट्टे पुढे बिघडतातच. ते थोडे कोणते, हे हेरायला सगळ्यात जास्त अभ्यासली गेलेली जनुकीय खूण म्हणजे एलओएच (लॉस ऑफ हेटेरोझायगॉसिटी). गुणसूत्राच्या प्रत्येक जागेच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. चट्ट्यात त्यातली एक गळाली आहे का, एवढंच बघायचं. नजर मुख्यतः ९पी (इथे सीडीकेएन२ए हे जनुक), १७पी (इथे टीपी५३), ३पी आणि ४क्यू या भुजांवर (आकडा गुणसूत्राचा, ‘पी’ त्याची आखूड भुजा, ‘क्यू’ लांब). सौम्य आणि मध्यम डिसप्लेशियाच्या रुग्णांवर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात ९पी, १७पी आणि ४क्यू धरून तीन गट पाडले होते. पाच वर्षांत चट्टा कॅन्सरच्या दिशेने पुढे सरकण्याचं प्रमाण कमी धोक्याच्या गटात सुमारे ३ टक्के, मधल्यात १६ आणि जास्त धोक्याच्या गटात ६३ टक्के निघालं. फरक मोठा आहे, म्हणूनच लोक या तपासणीकडे वळतात.

पण हे आकडे नीट घेतलेल्या तुकड्याचे, आणि तिथेच सगळं बिघडतं. चट्ट्याचा लालसर, खडबडीत किंवा टोलुइडिन ब्लू हा निळा रंग धरणारा भाग सोडून सोयीच्या कोपऱ्यातून तुकडा घेतला, तर रिपोर्ट त्या कोपऱ्याचा येतो. भुलेचं इंजेक्शन चट्ट्यात नको, बाजूला हवं. चिमट्याने तुकडा चेंगरू नये, लेझरने कडा भाजू नये. तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणारा, बफरमुळे आम्ल न होणारा द्रव), त्याच्या किमान दहापट द्रवात बुडायला हवा. बफर नसलेलं फॉर्मलिन आम्लधर्मी होतं आणि डीएनएचे तुकडे पाडतं. तुकडा कित्येक दिवस त्यात पडून राहिला तर बफर असूनही तेच. वर फॉर्मलिनमुळे खोटी म्युटेशन्सही (डीएनएच्या अक्षरांतले बदल) दिसतात, विशेषतः सी या अक्षराच्या जागी टी.

पुढचं काम किचकट. तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकचे साधारण १० मायक्रॉनचे काप घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वरचं एपिथेलियम (अस्तराच्या पेशींचा थर) सुईने खरवडून खालच्या थरापासून वेगळं करतात. डिसप्लेशियाच्या खाली लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. त्यांच्या दोन्ही प्रती शाबूत. त्या मिसळल्या की गळालेली प्रतही शाबूत भासते, म्हणजे धोका असून रिपोर्ट छान. उलट डीएनए फारच थोडा असेल, तर पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) एक प्रत नुसती वाढायची राहून जाते आणि नसलेला धोका दिसतो. म्हणून चांगली लॅब तीच चाचणी पुन्हा लावते. तुलनेसाठी तुझाच निरोगी डीएनए लागतो. तो खालच्या थरातून किंवा रक्तातून घेतात. आणि एखाद्या जागी तुझ्या दोन्ही प्रती मुळातच सारख्या असतील, तर तिथे काहीच कळत नाही. रिपोर्टात ‘नॉन-इन्फॉर्मेटिव्ह’ दिसलं तर ते ‘नॉर्मल’ समजू नकोस. ही चूक सर्रास होते.

आता माझं मत. उत्तराने पुढची योजना बदलणार असेल तरच तपासणी कर. वाईट रिपोर्ट आला म्हणून घ्यायची गोळी नाही. एलओएच असलेल्या रुग्णांना एर्लोटिनिब हे कॅन्सरवरचं औषध देऊन पाहिलं गेलं. २०१६ साली निकाल आला आणि कॅन्सर काही टळला नव्हता. चट्टा काढून टाकला तरी जोखीम शून्य होत नाही, कारण आजूबाजूचं साधं दिसणारं अस्तरही बदललेलं असू शकतं. तुझा चट्टा लहान आहे, जिभेच्या कडेला आहे, सहज काढता येण्याजोगा आहे. मी तुझ्या जागी असतो तर तपासणीची वाट न पाहता काढायला सांगितलं असतं. चट्टा पसरलेला असता, काढल्याने जीभ आखडणार असती, तर मात्र ही तपासणी कामाची होती: काढायचा की दर तीन-चार महिन्यांनी बघत राहायचं, हे ठरवायला.

काहीही ठरव, पण मेणाचा ब्लॉक लॅबकडून मागून घे किंवा तो जपून ठेवतील याची खात्री कर. पुढे दुसरं मत लागलं किंवा तपासणी करायचीच ठरली, तर त्यातूनच काप घेता येतील. आणि तंबाखू-सुपारी आजच बंद. सर्जनला भेटलास की काय म्हणाले ते कळव.

तुझा,
श्रीधर