अण्णांची बंदूक नावावर करायची का?

कणकवली,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुध्या,

टेक्सासहून आलेला तुझा तो अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा चहा घेताना आणि एकदा बायको झोपल्यावर, कारण पहिल्यांदा ऐकताना ती मधेच म्हणाली की सुधीरभावोजींनी पिस्तूल घेतलं? कशाला? आणि मला काय उत्तर देऊ कळेना. शेजारच्या घरात चोरी झाली म्हणून, एवढं सांगितलं.

अण्णांची बंदूक आठवते ना तुला? ठासणीची, एका नळीची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. सातवीत असताना तुला हात लावू दिला नव्हता म्हणून तू जेवला नव्हतास. तर ती आता पोलीस स्टेशनात जमा आहे. अण्णा गेले आणि बाराव्याच्या आधीच फोन, हत्यार जमा करा. परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, हे बरोबरच आहे म्हणा, पण त्या दिवशी राग आला. आता ठरवायचंय की वारस म्हणून परवाना मागायचा की कायमची सोडायची. खरं तर अण्णा असतानाच माझ्या नावावर करता आली असती. २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे, परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं की वारसाला देता येतं. पण अण्णांपुढे हा विषय कोण काढणार? बंदूक मागणं म्हणजे कधी जाताय असं विचारण्यासारखंच.

मेसेजमध्ये तू म्हणतोस, बंदुकांची सरकारी नोंदणी ही जप्तीची पहिली पायरी. मी तुला लगेच वेड्यात काढणार नाही, कारण आपल्याकडे हे खरोखर झालेलं आहे. १८७८ चा लिटनचा शस्त्र कायदा आठव, हिंदी माणसाला परवाना लागणार आणि गोऱ्यांना सूट. १८५७ ची भीती होती ती. गांधीजींसारख्या माणसाने लिहून ठेवलंय की अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा हे इंग्रजांचं सगळ्यात काळं कृत्य, अर्थात ते सैन्यभरतीच्या पत्रकात लिहिलं होतं हेही लक्षात ठेव. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने शस्त्र बाळगायचा हक्क घातला होता, नियमांच्या अधीन राहून. मग १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत म्हणाले घाला हा हक्क घटनेत, आणि बाबासाहेबांनी नाही म्हटलं. इंग्रजांनी नाकारलं म्हणून तेव्हा मागत होतो, आता परिस्थिती वेगळी, राज्य आपलं आहे, असा साधारण मुद्दा. मला तो पटतो, पण अर्धाच. कारण १९५९ च्या कायद्यात परवाना राहिलाच, आणि साहेबाच्या टेबलासमोर ताटकळणंही राहिलं.

निवडणुकीचंच बघ. नियमाप्रमाणे सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या नसतात, समिती बसते, कोण जामिनावर आहे, कोणावर गुन्हे आहेत, कोणी मागच्या निवडणुकीत राडा केलाय ते बघून ठरवायचं असतं. आमच्याकडे मात्र आचारसंहिता लागली रे लागली की अण्णांना फोन. लोकसभा, विधानसभा, झेडपी, प्रत्येक वेळी पंचाहत्तरीचा म्हातारा बंदूक गोणपाटात गुंडाळून रिक्षाने निघाला. म्हणायचे, "बंदूक घरापेक्षा ठेसनातच जास्त रवता." आणि नेमकी भात पिकायच्या वेळेला बंदूक जमा, डुकरांना काय आचारसंहिता! (तसं डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागतेच, त्यामुळे अण्णा बहुतेक हवेतच बार काढायचे.)

पण हा राग छळाचा आहे रे, नोंदीचा नाही. तुमच्याकडे टेक्सासमध्ये २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल खिशात घालून हिंडायला परवानासुद्धा लागत नाही. दुकानदार फॉर्म भरून घेतो, पण १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांचं रजिस्टर ठेवायलाच बंदी. मग बंद पडलेल्या दुकानांचे कागद वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला खोक्यांनी जातात, तिथे स्कॅन करतात, पण नाव टाकून शोधता येऊ नये असेच ठेवतात. खून झाला की माणसं पानं उलटत बसणार! इथे अण्णांच्या त्या गंजक्या नळीलाही देशभरच्या डेटाबेसमध्ये नंबर आहे. आता तू म्हणशील गावठी कट्टेवाला कुठे नंबर घेतो. नाहीच घेत, मान्य. पण नंबराची बंदूक चोरीला गेली तर निदान कुणाच्या घरातनं गेली ते तरी कळतं.

आणि स्वसंरक्षण. तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगतो. मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात रात्री लाइट गेलेली, पडवीत कोणीतरी चाललं. अण्णांनी अंधारात दारू भरली, छर्रे भरले, गजाने ठासलं, केप लावली, हे सगळं होईस्तोवर चोर चिपळूणला पोचला असता. पण अण्णा दाराशी, घोडा चढवलेला, आणि बाहेरून आवाज, "काकानू, मी आसंय, दार उघडा." माझा चुलतभाऊ. मुंबईहून शेवटची एसटी चुकून ट्रकने आलेला, भिजलेला. त्याला पेज दिली. अण्णा मात्र सकाळपर्यंत ओटीवर बसून होते, हात थरथरत होते, आणि नंतर त्यांनी घरात भरलेली बंदूक कधी ठेवली नाही. ठासायला वेळ लागला म्हणून भाऊ वाचला, सुध्या. तुझ्या पिस्तुलाला तो वेळ लागत नाही.

तुमच्याकडे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे तुला माहीत असेलच. चोर वर्षात एकदा येईल न येईल, घरातली माणसं रोज असतात. तू रागावशील, पण तुझा मोठा आता चौदाचा ना? मागे म्हणाला होतास हल्ली बोलतच नाही, खोलीत बसून असतो. पिस्तूल कुठे ठेवतोस? उशाशी की कुलपात? आणि कुलपाचा नंबर त्याचा वाढदिवस तर नाही ना, कारण तुझे सगळे पासवर्ड तेच असतात.

मी अर्ज करतोय बहुतेक. मंगळवारी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जाईन. चोरासाठी नाही, डुकरांनी यंदा वरचा अख्खा वाफा लोळवला म्हणून. बायको म्हणते सोडून द्या ती ब्याद, फटाके आणा. अजून भांडण चालू आहे.

कुलपाचं तेवढं लगेच कळव, व्हॉइस मेसेज नको, लिहून.

तुझा,
बाळ्या