जाण्याआधी एवढं वाच

नागपूर
रविवार, 9 नोव्हेंबर

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

तू ठाण्याला पोहोचल्याचं आत्याने कळवलं. तू कळवलं नाहीस, ते ठीक. तुझ्या त्या दुबईच्या हॉटेलातल्या नोकरीवरून मंगळवारी रात्री जे झालं त्यानंतर मी तरी कुठे फोन केला? तुझी आई म्हणते, बाप-लेक एकाच मातीचे. फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, तू "हो बाबा, हो बाबा" करून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो. स्पीड पोस्टाने पाठवतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लांबलचक तू वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे.

पासपोर्टचं या पत्रात काढणार नाही. त्यावर बोलून झालं.

"तुम्हाला सगळंच खोटं वाटतं. तो प्लेअर खोटा, ते बेट खोटं, माझी नोकरीही खोटी," असं म्हणून तू ताटावरून उठलास. मी काय म्हटलं होतं? तुझ्या त्या लाडक्या फलंदाजाने दुबईच्या पाम बेटावरच्या रिसॉर्टात तलावात पाय सोडून रील टाकला, त्या खोलीचं बिल त्याने खिशातून भरलं असेल असं मला वाटत नाही. बस, एवढंच. खाली 'पेड पार्टनरशिप' लिहिलेलं होतं, ते मी चष्मा लावून वाचलं आणि तू एवढ्या चांगल्या डोळ्यांनी वाचलं नाहीस, त्याचा राग आला. आणि तू म्हणतोस, जिथे तो राहून आला तिथे मी काम करणार. अरे, तो पुढच्या दाराने आत गेला होता.

बाबाला क्रिकेटचं काय कळतं, असं तुझं मत आहे. तर ऐक. 19 मार्च 2000 ला मी आणि देशमुख काका सदरच्या व्हीसीएच्या मैदानावर होतो. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा पाचवा वनडे. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, बाटली आत नेऊ देईनात म्हणून गेटवरच पोटभर पाणी पिऊन घेतलेलं. त्यांचा फलंदाज गिब्ज सुटला होता, 53 चेंडूंत 74. त्यांचे 320 झाले. सचिनने 93 काढले, शेवटपर्यंत जीव टांगणीला लागला आणि आपण दहा धावांनी हरलो. मालिका आधीच खिशात होती, तरी देशमुख काका सायकल स्टँडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रस्ताभर आम्ही गिब्जच्या नावाने बोटं मोडली.

मग पाडवा झाला आणि दोन दिवसांनी, 7 एप्रिलला, दिल्ली पोलिसांनी त्यांचा कप्तान हॅन्सी क्रोन्ये याचं बुकीशी झालेलं फिक्सिंगचं बोलणं बाहेर काढलं. आमच्या ऑफिसात एकाचाही विश्वास बसेना. मनगटावर येशूच्या नावाचा पट्टा बांधणारा, देवभोळा माणूस. साहेब तर म्हणाले, दिल्ली पोलिसांना दुसरे उद्योग नाहीत काय? 11 तारखेला क्रोन्येनेच कबूल केलं की आपण पूर्ण खरं बोललो नव्हतो. कप्तानपद गेलं. जूनमध्ये केपटाउनला याची चौकशी करणाऱ्या किंग आयोगापुढे गिब्जची साक्ष झाली आणि आपलं नागपूर त्यात आलं. याच सामन्यात 20 च्या आत बाद व्हायचे त्याला क्रोन्येने 15,000 डॉलर देऊ केले होते आणि त्याने हो म्हटलं होतं. तेव्हाच्या भावाने साडेसहा लाख रुपये. त्यांचा गोलंदाज विल्यम्स याने दहा षटकांत 50 च्या वर धावा द्यायच्या होत्या. त्याचा खांदाच दुखावला, दोन षटकंही पुरी झाली नाहीत. आणि गिब्ज मैदानात उतरल्यावर सौदा गुंडाळून ठेवून मारत सुटला.

म्हणजे ज्या खेळीला आम्ही शिव्या घालत घरी आलो, ती खरी होती. आणि तो ठरल्याप्रमाणे 20 च्या आत बाद झाला असता, तर आम्ही दुपट्टे हवेत उडवून नाचलो असतो, ते खोट्यावर नाचणं झालं असतं. आम्हाला कळलंही नसतं. स्टँडात बसलेल्या माणसाला हे कळायचा मार्गच नाही, हे मला त्या दिवशी पेपर वाचताना समजलं. देशमुख काकांनी आपलं तिकीट फाडून टाकलं. माझं अजून लोखंडी कपाटात एलआयसीच्या फायलीत आहे.

आपला कप्तान अझहर तर माझाच होता. कॉलर वर, गळ्यात ताईत, ऑफच्या बाहेरचा चेंडू नुसत्या मनगटाने मिडविकेटला. मी तशी कॉलर वर करून कॉलेजात जायचो, तुझी आजी इस्त्री करताना ती मुद्दाम खाली दाबायची. डिसेंबर 2000 मध्ये बोर्डाने फिक्सिंगवरून त्याच्यावर आजन्म बंदी घातली. आंध्रच्या हायकोर्टाने 2012 साली ती बेकायदा ठरवली, तोवर त्याचं खेळायचं वय केव्हाच निघून गेलं होतं. खरं काय ते त्याला ठाऊक. 1990 चे लॉर्ड्सवरचे ते 121 टीव्हीवर कधी लागले, की मी हातातलं काम ठेवून बघतो. आई विचारते, अजूनही? हो, अजूनही. फटका फटकाच असतो. पण त्या माणसाच्या भरवशावर मी कुठे सही करणार नाही, तेवढाच फरक पडला.

आणि तुझं हे दुबई. आमचं दुबई म्हणजे शारजा. पांढऱ्या झग्यातले शेख, गॉगल लावलेल्या नट्या, खुर्च्यांवर बसलेले ते सगळे बडे लोक. 22 एप्रिल 1998 ला वाळूचं वादळ आलं, ते थांबल्यावर सचिनने 143 केले. दोन दिवसांनी, स्वतःच्या वाढदिवशी, फायनलला 134. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांनी दिवाळीचे उरलेले फटाके काढले होते. आम्हाला वाटायचं, वाळवंटात स्वर्ग उतरलाय. तीनच वर्षांनी, 2001 साली, सरकारने संघाला शारजात खेळायला मनाई केली, कारण फिक्सिंगच्या संशयाचं बोट त्या मैदानाकडेच जात होतं. मी जे झगमगतं बघत होतो ते तिथे होतंच रे. त्याच्या मागे काय चाललंय ते कॅमेऱ्यात येत नव्हतं.

त्याच काळात विलासमामा तिकडे होता. शोकेसमधला त्याचा फोटो तू लहानपणी सगळ्यांना दाखवायचास, "माझा मामा या हॉटेलात काम करतो." शिडासारखं ते उंच हॉटेल, पुढे मामा, पँटमध्ये खोचलेला शर्ट. मामा त्या हॉटेलात कधीच नव्हता, अथर्व. तो फोटो चौपाटीवरून काढलेला आहे, हॉटेलकडे पाठ करून. तो एका लाँड्रीत होता. कुठकुठल्या हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या आणि रात्रभर प्रेसवर चालायच्या. श्वेताच्या लग्नाला आला होता तेव्हा बघितलंस ना, सकाळी उठल्यावर त्याने एकट्याने डबल बेडची चादर कशी घडी केली? दोन कोपरे हनुवटीखाली धरले, दोन हातांत, एक झटका, आणि कडेला कड लागली. तुम्ही सगळे हसलात. त्याच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली वाफेने भाजल्याचा लांब पट्टा आहे. तो पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतो, हे तू मला एकदा विचारलं होतंस. मी विषय बदलला होता.

काटोलची संत्र्याची बाग गहाण टाकून त्याने एजंटला पैसे दिले होते. गेल्याबरोबर कंपनीने पासपोर्ट ठेवून घेतला, "सेफ राहील" म्हणून. त्याची आई, म्हणजे तुझी आईकडची आजी, गेली तेव्हा त्याने मागितला, तर साहेब सुट्टीवर, कपाटाची किल्ली साहेबाकडे. तेरावं झालं तरी तो आला नाही. नातेवाइकांना आम्ही सांगितलं, विमानाचं तिकीट मिळालं नाही. 2009 मध्ये तिकडचं काम बसलं तेव्हा तो कायमचा परत आला, आणि गच्चीवर बसून एकदाच मला हे सांगितलं.

तर, आलंच ते पासपोर्टचं. काय करू?

तू म्हणशील, बाबा, आता तसं नाही. मलाही माहीत आहे. मी वाचलंय सगळं, रिटायर माणसाला दुसरं काम काय? त्यांच्याकडे आता मालकाला कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवता येत नाही. पगार बँकेतून द्यावा लागतो. भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून काढायचा नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. कायदा चांगलाच आहे. पण हे सगळं कोणाला, ज्याच्याकडे कामाचा परवाना आहे त्याला. तुझा एजंट म्हणतो, "व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बदलून देतो." व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. मग तक्रार कोणाकडे करशील? तूच आधी चुकीचा ठरशील. आणि तो एक लाख ऐंशी हजार कशाचे मागतो? आपल्या सरकारने नोंदणीकृत एजंटाची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच ठरवून दिली आहे. तू म्हणालास तो नियम ईसीआरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांना कामाला बाहेर जाताना सरकारची मंजुरी लागते त्यांच्यासाठी, मी ग्रॅज्युएट, माझा पासपोर्ट ईसीएनआर, मंजुरी न लागणारा. असेल. ग्रॅज्युएट माणसाला कोणी फसवत नाही, असं त्यावर शिक्कामोर्तब केलेलं असतं काय बे?

बघ, सुरू झालं माझं. आई आतून म्हणतेय, पत्र लिहिताय की नोटीस. माफ कर.

चांगलं काही लिहायचं होतं. तुझं ऑफर लेटर आलं त्याच संध्याकाळी मी त्याचा फोटो आमच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर टाकला होता. भांडण नंतरचं. वानखेडे साहेबांनी हार-फुलांचे सहा इमोजी टाकले, ज्यांनी मला नोकरीत असताना कधी चहा पाजला नाही. श्वेताच्या लग्नात केटररचा माणूस ऐनवेळी निघून गेला, तेव्हा तू शर्टाच्या बाह्या सरसावून पंगत उभी केलीस. वाढणाऱ्या पोट्ट्यांना कोणती भाजी कुठे, वरण कधी, हे सगळं आवाज न चढवता. व्याही मला म्हणाले, हा मुलगा कोणाचा? मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे त्यांना परत विचारावं लागलं.

तू ज्या बेटावर जाणार आहेस ना, तेही बघून घेतलं. बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, राहवत नाही. अख्खा देश वाळूत बसलाय, पण ती वाळू वाऱ्याने घासून इतकी गोल आणि बारीक झालेली की समुद्रात भराव टाकायला चालत नाही. म्हणून समुद्राच्या तळातून उपसावी लागली, 9 कोटी 40 लाख घनमीटर. काम 2001 ला सुरू झालं, तुझ्या जन्मवर्षी. कोणी कागदावर झाडाचा आकार काढला आणि कोणी खरंच तसं बेट समुद्रात उभं केलं, माझ्यासारख्या ओव्हरसिअरला त्याचं कौतुक वाटणारच. ते बेट खोटं आहे असं मी म्हणालोच नव्हतो. रीलमध्ये तो तलाव दिसतो, त्याच्या टाइल्स पहाटे घासणाऱ्याची खोली कुठे आहे आणि त्याला तिथे पोहोचायला किती वाजता बसमध्ये बसावं लागतं, हे तुला विचारायला सांगत होतो. कारण तू त्या बाजूने आत जाणार आहेस. त्यात कमीपणा नाही, मी जन्मभर साइटवरच होतो. फक्त आधी माहीत असावं.

आणखी एक. 2000 नंतर मी ठरवलं होतं, क्रिकेट बंद. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये कोलकात्याला लक्ष्मण आणि द्रविड दिवसभर बाद झाले नाहीत. तू तेव्हा पोटात होतास. आई सोफ्यावर आडवी, मी ऑफिसला दांडी मारून खाली चटईवर. लक्ष्मण 281. मधे एकदाही मनात आलं नाही की हे ठरवून असेल का. संध्याकाळी आलं. मग म्हटलं, जाऊ दे. तुला हे का सांगतोय ते मलाही नीट सांगता येत नाही. तू तुझ्या त्या खेळाडूचे फोटो भिंतीवरून काढलेस असं आई म्हणाली. मी काढ म्हटलं नव्हतं रे. टेपने रंगाचे पोपडे निघालेत, ते वेगळंच.

जायचं तर जा. मामाला जावं लागलं होतं, तू हौसेने जातोयस, तुझ्या हातात डिप्लोमा आहे, इंग्रजी आहे. पण कामाचा एंट्री परमिट हातात आल्याशिवाय विमानात बसू नकोस. त्यासाठी महिना-दोन महिने जास्त लागले तर आत्याकडे राहा नाहीतर घरी ये, मी एक शब्द बोलणार नाही. बोललो तर आईकडे तक्रार कर. खोलीत कुलपाची पेटी मागून घे. कोणी "सेफ राहील" म्हणाला तर त्याला हसून म्हण, माझे वडील फार कटकटे आहेत, मला रोज रात्री दाखवावा लागतो. माझ्यावर ढकल, मला चालेल.

आत्याला नमस्कार सांग. तिच्या गुडघ्याला तेल लावून दे, ती स्वतः सांगणार नाही.

तुझा,
बाबा

ता.क. आईने संत्रा बर्फी आणि लसणाची चटणी आत्याच्या शेजाऱ्यांबरोबर पाठवली आहे, चटणी आधी संपव. एजंटचा नोंदणी क्रमांक मागून घे आणि मला पाठव, सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर मी स्वतः बघतो. कागदाचा फोटो काढशील तर दोन्ही बाजूंचा काढ, मागच्या वेळी तू फक्त पुढचीच पाठवली होतीस.