गोळी न घेतलेले नऊ दिवस

प्रिय मध्या,

चार महिन्यांत तुला एक ओळ नाही. रागावला असशील, रागव. पण हे आधी वाच. घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. मी नऊ दिवस बीपीची गोळी घेतली नाही. कुणाला न विचारता. तुझ्या अण्णांसारखीच.

मार्चमध्ये माझं वरचं 164 आणि खालचं 102 निघालं, हे तुला फोनवर सांगितलं होतं. गोळी सुरू झाली, आणि बाकीचंही मी मनावर घेतलं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक छोटा चमचा. वरून मीठ घेणं सोडलं तेव्हा वाटलं झालं काम. पण खरं मीठ पाकिटांत असतं रे. मागे बारीक अक्षरांत सोडियम लिहितात, त्याची अडीचपट केली की मीठ कळतं. पहिले पंधरा दिवस सगळं अळणी लागलं. महिनाभरानं जुन्या चवीचं काही तोंडात पडलं, तर खारट म्हणून बाजूला सारलं! रोज पस्तीस मिनिटं चालतो, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं. (तुला कुठल्याच वेगात गाता येत नाही, तू नुसता चाल.) सहा किलो उतरलो.

मोजायचंही नीट शिकलो. आधी जिना चढून आलो की धापा टाकत पट्टा बांधायचो. आता लघवीला जाऊन येतो, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसतो, दंड छातीच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा-कॉफी नाही. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजतो आणि वहीत लिहितो.

जूनमध्ये आठवडाभर वहीत 118, 120, 117. आणि मध्या, मला वाटलं, हे माझ्या चालण्याचं आहे, गोळीचं नाही. गोळ्यांची पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. चौथ्या दिवशी 126. सहाव्या दिवशी 138, तेव्हा म्हटलं झोप नीट झाली नसेल. नवव्या दिवशी सकाळी पट्टा दंडावर आवळला, आकडे उतरायला लागले आणि 154 वर थांबले. खाली 96. पुन्हा मोजलं, तेच. डोकं दुखत नव्हतं, गरगरत नव्हतं, उलट छान झोप झाली होती. हातपाय गार पडले ते त्यानं. काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं!

तसाच बसून राहिलो आणि अण्णांचा तो डाव आठवला. हातातले पत्ते निसटले, ते उचलायला वाकले आणि बोटं मिटेचनात. आदल्या मिनिटापर्यंत तुझ्यावर कुरघोडी करून हसत होते. नंतर त्यांच्या डब्यात गोळ्यांच्या तीन पट्ट्या सापडल्या, एकही गोळी न फोडलेली. तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात मी तुला म्हणालो होतो, "तुझं लक्ष कुठे होतं?" तू काही बोलला नाहीस. तो विषय आपण पुन्हा कधी काढला नाही. मध्या, माझं चुकलं. एकाच घरात राहून माझ्या घरच्यांना माझे नऊ दिवस कळले नाहीत, मला स्वतःला कळले नाहीत. तुला काय कळणार होतं? इतकी वर्षं हे बोलायचं राहिलं.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी गेलो. ओरडले नाहीत. म्हणाले, 118 हा चालणं, मीठ आणि गोळी, तिघांचा मिळून आकडा होता. तुम्ही एकाला काढून टाकलंत. पुढेमागे डोस कमी होईलही, पण वही बघून तो मी करीन. मग विचारलं, गुडघ्यासाठी काही घेता का? वेदनाशामक गोळी घेत होतो, मनानंच, जवळजवळ रोज. त्या जातीच्या गोळ्यांनी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि दाब चढतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्या बंद केल्यात. गुडघा दुखतो, चालतंय. गोळी पुन्हा सुरू, काल 126/80.

आता तुझं. नव्या जागेत स्थिरावलास का? वहिनींची परीक्षा झाली का? लेकीला माझे आशीर्वाद सांग. आणि तुझं घोरणं! सहलीत आम्ही तिघे रात्रभर जागे होतो आणि तू मध्येच श्वास अडकून दचकायचास, तेव्हा आम्ही हसलो होतो. झोपेत श्वास असा अडकत असेल तर त्यानंही बीपी वाढतं. तपासून घे, हसण्यावारी नेऊ नकोस. तू अण्णांचा मुलगा आहेस, चाळिशी उलटून गेलीय, आणि माझ्या माहितीत तू दंडाला पट्टा कधी बांधलेलाच नाहीस.

येत्या रविवारी मोज. सकाळी, काही न पिता, पाच मिनिटं बसून. दोन्ही आकडे मला कळव, कितीही असोत.

तुझा,
विन्या