बटण हिरवे झाले, तक्रारीचे काय?

मा. संपादक,
स. न.

मे महिन्यात शेजारच्या काकूंच्या नळाला गढूळ पाणी येऊ लागले. नागपूरच्या उन्हात कार्यालयाच्या पायऱ्या कोण चढणार, म्हणून त्यांनी मोबाइलवरूनच तक्रार केली. 'तक्रार नोंदवा' दाबले, बटण हिरवे झाले. पण मेसेज येईना, म्हणून पुन्हा दाबले तर बटण पांढरे! "अरे बाप्पा, रद्द झाली का काय?" म्हणत त्यांनी तिसऱ्यांदा दाबले. परत हिरवे. संध्याकाळी तीन तक्रार क्रमांक आले आणि दोन दिवसांनी तिन्ही तक्रारी 'दुबार' असा शेरा मारून बंद झाल्या. पहिलीसुद्धा!

मी नंदनवनात संगणकाचे क्लास घेतो. राहवले नाही, तक्रारीचे ते वेब-पान लॅपटॉपवर उघडून पानाच्या आतले दाखवणारी एफ-१२ ही कळ दाबली आणि आतली जावास्क्रिप्ट, म्हणजे बटण दाबल्यावर काय करायचे हे सांगणारा कोड, वाचला. क्लिक झाल्याबरोबर पहिलीच ओळ क्लासलिस्टच्या टॉगलची. (इथे क्लास म्हणजे बटणाला लावायचे नाव; त्यावरून त्याचा रंग ठरतो. क्लासलिस्ट म्हणजे अशा नावांची यादी.) टॉगल म्हणजे घरातला खटका: क्लास नसेल तर लावतो, असेल तर काढतो. दिव्याला ते शोभते. इथे मात्र प्रत्येक क्लिकला तक्रार सर्व्हरकडे जातच होती. रंग तेवढा येत-जात होता. सर्व्हरने उत्तर दिले की नाही, हे त्या हिरव्या रंगाला कोणी विचारलेच नव्हते.

दुरुस्ती फार नाही. क्लिक होताच बटण डिसेबल करायचे आणि 'थांबा'चा क्लास लावायचा. सर्व्हरची पोच आली की तो काढून 'झाले'चा लावायचा. नेट गेले तर तसे स्पष्ट सांगून बटण पुन्हा खुले करायचे. पाच-सहा ओळींचे काम. (आणि ते बटण मुळात बटण नव्हतेच, रंगवलेला डिव्ह, म्हणजे पानावरचा नुसता चौकोन होता. कीबोर्डवर टॅब कितीही दाबा, तिथे पोचता येत नाही. माऊस न वापरू शकणाऱ्याने तक्रार करूच नये की काय?)

कार्यालयाला नावे ठेवताना मलाही थोडी लाज वाटते. वर्षानुवर्षे मी पोरांना दुसऱ्याच दिवशी टॉगलने पडद्यावरचा दिवा लावायला शिकवतो. दिवा लागला की पोरे खूश, मीही खूश, धडा संपला. त्यांतली काही आज मिहानमध्ये, इथल्या आयटी कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरीला आहेत. हे पान त्यांच्यापैकीच कोणी लिहिले नसेल, अशी खात्री मी देऊ शकत नाही. या बॅचला मात्र ब्राउझरमध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करून देतो आणि स्वतःचेच बटण घाईघाईने तीनदा दाबायला लावतो. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाचे अर्ज तीन-तीनदा गेले.

काकूंनी चौथी तक्रार कागदावर लिहिली, स्वतः जाऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. "हा शिक्का नं, दाबला तरी जात नाही," असे मला सांगून गेल्या.

– एक संगणक शिक्षक, नंदनवन, नागपूर