हेल्मेट घेताना डोक्याला टेप लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हेल्मेटसक्तीच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. कुठे तपासणी झाली, किती जणांना दंड झाला, हे त्यांत असते. ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट होते त्यांना ते नीट बसत होते का, हे मात्र कुणी पाहत नाही. त्यासाठी हे पत्र.

मी रेणापुरात शिवणकाम करते. अस्तर, लेस, दोरे आणायला स्कूटीवरून लातूरला गंजगोलाईत जावे लागते. धंद्यामुळे माझी नजर आधी फिटिंगवर जाते. रस्त्याने पाहावे तर कुणाचे हेल्मेट चष्म्यावर टेकलेले, कुणाचे मागे कलून कपाळ उघडे पडलेले. खड्डा आला की ते उसळते, आणि माणूस हँडलवरचा एक हात काढून ते सारखे करतो. त्याच वेळी समोरून उसाची ट्रॉली येत असते. जीव घाबरा होतो.

माझ्या लेकीसाठी हेल्मेट घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने माप विचारलेच नाही. रंग कोणता पाहिजे, एवढेच विचारले. हातात दिले ते ६०० मिलिमीटरचे. लेकीच्या डोक्याचा घेर ५५ सेंटीमीटर, म्हणजे ५५० मिलिमीटर. घेरात ५ सेंटीमीटरचा फरक म्हणजे चहूबाजूंनी जवळपास ८ मिलिमीटरची पोकळी. "बसतंय की ताई, थोडं लूजच बरं असतं," असे तो म्हणाला. ब्लाऊज सैल झाला तर मी आतून टीप मारून देते. हेल्मेटला कुठे टीप मारणार? आम्ही ते तिथेच ठेवून दुसऱ्या दुकानात गेलो.

हेल्मेटच्या कडक कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. म्हणून एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, आणि धाकट्या भावाला तर मुळीच देऊ नये. पण हा थर उपयोगी पडायचा तर डोके त्याला लागून असले पाहिजे. सैल हेल्मेट आपटताना फिरते, वर सरकते, कधी डोक्यातून निघून आधीच रस्त्यावर पडते.

माप घेणे अगदी सोपे आहे. भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, आणि मागे डोके जिथे सर्वांत फुगीर असते तिथून टेप फिरवायची. सेंटीमीटरची बाजू वाचायची. ५८ आले तर ५८० चे हेल्मेट आधी घालून पाहायचे. "आधी" म्हणते, कारण एका कंपनीचे मीडियम दुसऱ्या कंपनीच्या मीडियमसारखे बसेलच असे नाही. शिवाय घेर सारखा असला तरी कुणाचे डोके गोल, कुणाचे लांबट. पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे फिरवावे. गालाची आणि कपाळाची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे. मग मागची खालची कड धरून पुढे ढकलावे. निघून येत असेल तर ते आपले नव्हे. नवे असताना गाल थोडे दाबले जाणारच, कारण आतला स्पंज वापराने बसतो. पण पंधरा-वीस मिनिटांत कपाळावर एकाच जागी दुखू लागले तर आकार जुळत नाही, दुसरे बघावे. पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको.

आपल्याकडची खरी अडचण रुमालाची आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. माणसे डोक्याकानांभोवती रुमाल गुंडाळतात, बाया स्कार्फ बांधतात, आणि वर हेल्मेट. रुमालासकट मावावे म्हणून एक नंबर मोठे घेतात, मग पावसाळ्यात रुमाल सुटला की ते हलायला लागते. बायांचा अंबाडा किंवा मोठा क्लचर असला तर हेल्मेट मागून उचलले जाते. शिवाय तो कडक प्लास्टिकचा तुकडा कवटी आणि हेल्मेट यांच्यामध्ये राहतो. वेणी मानेजवळ खाली घालावी. घाम टिपायला एकपदरी सुती टोपी पुरते. मी जुन्या साडीची शिवते आणि कपाळावर शिवण येऊ देत नाही, कारण तिथे ती रुतते. हीच टोपी घालून हेल्मेटचे माप बघावे.

१ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकायला देशात बंदी आहे. चिन्हाखाली परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. रस्त्याकडेला चादर टाकून मांडलेल्या ढिगात हे जरूर पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट पट्ट्याने डोक्याला पक्के बांधलेले असले पाहिजे असे म्हटले आहे, आणि चार वर्षांवरील लेकरांनाही ते लागू आहे. बापाचे हेल्मेट लेकराच्या डोक्यावर ठेवून हे साधत नाही.

माझी विनंती तिघांना आहे. दुकानदारांनी गल्ल्याजवळ टेप ठेवावी, आणि गिऱ्हाईक दहा-पंधरा मिनिटे हेल्मेट घालून बसले तर कुरकुर करू नये. नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देण्याची तरतूद नियमांत आहे. ते देताना शोरूमवाल्यांनी माप विचारावे. आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला जे मोफत हेल्मेट वाटतात त्यांनी नावनोंदणी करताना नावापुढे डोक्याचे मापही लिहून घ्यावे. दोनशे हेल्मेट एकाच नंबरचे आणून वाटू नयेत.

टेप नसेल तर सुतळीने घेर घेऊन ती शाळेच्या पट्टीवर मोजावी. नाहीतर जवळच्या शिंप्याकडे जावे. माझ्याकडे जे येतात त्यांना मी डोक्याचे माप चिठ्ठीवर लिहून देते, त्याचे पैसे घेत नाही.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक
रेणापूर, जि. लातूर