सुट्टीत शिंका का थांबायच्या

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर 'सर्दी झालीय' म्हणाले, ते खोटं होतं. आईला तेव्हाच कळलं असणार.

त्या रात्री ऑपरेशन थिएटरला ड्युटी होती. पलीकडे एका डॉक्टरांनी हातमोजे चटकन ओढून काढले आणि दिव्याखाली पांढरी भुकटी उडताना दिसली. मी त्या मोज्यांना हातही लावला नव्हता. पण पाच-सात मिनिटांत तळहातांना खाज सुटली, ओठ जड झाले, छातीत शिट्टी वाजू लागली. बोलायला गेले तर आवाज घोगरा. सिस्टरांनी पाय लांब करून खाली बसवलं आणि मांडीत ॲड्रेनलिनचं, म्हणजे अशा झटक्यावरचं, इंजेक्शन टोचलं. त्रास पुन्हा उलटला तर लगेच कळावं म्हणून रात्रभर निगराणीत होते. आता ठणठणीत आहे.

तपासणीत लॅटेक्सची ॲलर्जी निघाली. लॅटेक्स म्हणजे मोज्यांच्या रबराचा चीक. मोजे सहज चढावेत म्हणून आत मक्याच्या स्टार्चची पावडर असते. चिकातली प्रथिनं तिला चिकटतात आणि तिच्याबरोबर हवेत तरंगतात. अमेरिकेने असे मोजे २०१७ सालीच बंद केले. आमच्याकडे मात्र जुनी खोकी संपवणं चालू होतं.

आई, दोन वर्षं मला शिंका येत होत्या आणि सुट्टीला आले की थांबायच्या. 'घरची हवा मानवते तुला,' असं तू म्हणायचीस. बरोबरच होतं गं तुझं! केळं खाल्लं की टाळूला खाज यायची, तेही यातलंच. रुग्णाच्या बाबतीत हे मी पहिल्या दिवशी विचारलं असतं.

'तू एकटी नायट्राइलचे, म्हणजे बिनलॅटेक्सच्या कृत्रिम रबराचे, घाल,' असं आधी वरून सांगण्यात आलं. पण दुसऱ्यांच्या मोज्यांची भुकटी माझ्याच नाकात जाते, त्याचं काय? दोन अर्ज केले, थोडी भांडलेही. आता सगळं थिएटर बिनपावडरच्या नायट्राइलवर गेलंय. तोवर मी ओपीडीत होते.

बाबा, 'सोड ती नोकरी' हे वाक्य तुमच्या ओठांवर आलं असेल. नाही सोडणार.

पुढच्या महिन्यात येते. पिंट्याच्या वाढदिवसाला रबरी फुगे मात्र लावू नका. ॲड्रेनलिनच्या इंजेक्शनची दोन तयार पेनं आता कायम पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात असतात, ती कशी टोचायची ते तुम्हा दोघांना शिकवणार आहे. आईचा हात थरथरेल म्हणून काळजी नको. कपड्यांवरूनही टोचता येतं.

तुमची,
ताई